गच्ची गळते: ब्रिकबॅट कोबा की कोटिंग?

स्लॅब गळू लागला की गवंडी हमखास ब्रिकबॅट कोबा सुचवतो. विटांचे तुकडे, सिमेंट-वाळूचा माल, चार-पाच इंचांचा थर आणि पाणी पाइपाकडे नेणारा उतार. नीट केला तर वर्षानुवर्षं टिकतो. पण हे घरच्या घरी जमणारं काम नाही, शिवाय सगळा बोजा स्लॅबवर. जुन्या कोब्यावर दुसरा कोबा तर नकोच, गवंडी काहीही म्हणो.

अ‍ॅक्रिलिक कोटिंग (रंगासारखा लावायचा, पाणी अडवणारा लेप) एप्रिल-मेमध्ये स्वतः लावता येतं. शेवाळ तारेच्या ब्रशनं खरवडा, भेगा भरा, गच्ची खडखडीत वाळू द्या. मग एक हात उभा, दुसरा आडवा. काही वर्षांनी पुन्हा लावावं लागतं, एवढंच. मात्र पाणी साचून राहत असेल तर कोटिंग सुटून येतं. तिथे आधी उतार दुरुस्त करून घ्या.