‘ताई, फौजीवर विश्वास नाही का?’ : लष्करी जॅकेट-बुटांच्या नावाखाली झालेली फसवणूक

आम्हाला ज्या माणसाने फसवलं, त्याचेच फोटो आणि त्याचाच मजकूर गेल्या आठवड्यात एका वेगळ्या नावाच्या पानावर पुन्हा दिसले. ‘लष्कराच्या लिलावातला अस्सल माल, उणे वीस अंशांत चाचणी झालेलं जॅकेट, माजी सैनिकाकडून थेट.’ हिवाळी ट्रेकची खरेदी सध्या सुरू आहे. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. लांबलं तरी वाचा, आणि तुमच्या ग्रुपमध्ये जो सामान गोळा करतो त्याला तरी नक्की वाचायला द्या.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना लष्करी कपड्यांची ओढ का असते, हे नव्याने सांगायला नको. कापड जाड असतं, करवंदाच्या जाळीतून गेलं तरी फाटत नाही, खिसे मोठे असतात, मळ दिसत नाही. आमच्या आधीची पिढी तर हंटर शूज घालूनच सगळे गड चढली. ब्रँडेड जॅकेटची किंमत कॉलेजच्या मुलांना झेपत नाही, मग कुणीतरी म्हणतंच, ‘आर्मी सरप्लस बघूया’, म्हणजे लष्कराने काढून टाकलेला किंवा जास्तीचा माल. यात काहीच चूक नाही. खरं सरप्लस उत्तम असतं, मी स्वतः वापरलं आहे.

आम्ही नाशिकचा ग्रुप डिसेंबरात केदारकंठाला जाणार होतो. उत्तरकाशी जिल्ह्यातला साडेबारा हजार फुटांचा ट्रेक, रात्री पारा शून्याच्या बराच खाली. ग्रुपमध्ये निम्मी मुलं पहिल्यांदाच बर्फात जाणारी. जॅकेट आणि बूट स्वस्तात मिळावेत म्हणून चौकशी चालू होती, तेव्हा या माणसाची जाहिरात पुढे आली.

फोन केला की समोरून पहिलं वाक्य, ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!’ ही मराठा लाइट इन्फंट्रीची युद्धगर्जना आहे. मी सातारा जिल्ह्यातला, बेळगावच्या सेंटरला भरती झालो, सतरा वर्षं नोकरी करून आलो, असं तो म्हणाला. सातारा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? मिलिटरी अपशिंग्यासारखं गाव, जिथं घराघरातला माणूस फौजेत गेला. त्या मातीतल्या माणसाला उलटे प्रश्न विचारताना आपलीच जीभ अडखळते. त्याने न मागता ओळखपत्राचा फोटो पाठवला, गणवेशातला फोटो पाठवला, आणि म्हणाला, ‘ताई, फौजीवर विश्वास नाही का? मुलांसाठी घेताय म्हणून कमी भावात देतो.’ जॅकेटचे २,८०० आणि बुटांचे १,९००. निम्मे आगाऊ, उरलेले पार्सल हातात पडल्यावर. माल कुठला, हे विचारलं तेव्हा एकदा ‘डेपोचा लिलाव’ म्हणाला, एकदा ‘कॅन्टीनचा माल’.

या दोन शब्दांवर थांबा, कारण बहुतेक फसवणूक याच दोन शब्दांच्या आधाराने होते. कॅन्टीन म्हणजे सीएसडी, कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट. तिथं किराणा, साबण, मिक्सर, टीव्ही, दारू असल्या वस्तू सैनिकांना आणि माजी सैनिकांना कार्डावर मिळतात, आणि त्या बाहेर विकायला मनाई आहे. जवानाला मिळणारा गणवेश, बूट, थंडीचे कपडे कॅन्टीनमधून येतच नाहीत, ते ऑर्डनन्स डेपोतून, म्हणजे लष्कराच्या साठा-कोठारातून येतात. म्हणजे ‘कॅन्टीनचं जॅकेट’ असं कुणी म्हणाला तर तो एकतर खोटं बोलतोय किंवा त्याला काहीच ठाऊक नाही. आणि लिलाव? लष्कराचा निकामी माल बहुतांशी एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात जातो. तिथं नोंदणीकृत व्यापारी मोठमोठे लॉट उचलतात. एखाद्या निवृत्त जवानाच्या घरी सगळ्या मापांची कोरी जॅकेटं येऊन पडावीत, अशी ती व्यवस्थाच नाही.

पार्सल आलं. उरलेले पैसे दिल्याशिवाय कुरिअरवाला खोकं उघडू देईना. पैसे दिले, खोकं उघडलं. नवीन डिजिटल छपाईची जॅकेटं, छातीवर वेलक्रो, आत लेबल. वरवर झकास. मुलं तर फोटो काढायला लागली.

माझे मामा देवळालीला, नाशिकजवळच्या लष्करी छावणीच्या गावात राहतात. तोफखान्यातून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांना दाखवायला एक जॅकेट आणि बुटांचा एक जोड घेऊन गेले. त्यांनी अंगात घातलंसुद्धा नाही. आतली शिवण बोटाने चाचपली, लेबल वाचलं आणि म्हणाले, ‘अगं, फौजेच्या कपड्यावर हे असं “इंडियन आर्मीसाठी बनवलेलं” म्हणून कोण लिहिल? ज्याला दुकानात विकायचंय तोच असं लिहितो.’ मी ओळखपत्राचा फोटो दाखवला, तेव्हा मात्र ते चिडले. ‘खरा फौजी आपलं ओळखपत्र अनोळखी माणसाला व्हॉट्सॲपवर पाठवत नाही. आम्हाला पहिल्या दिवसापासून बजावलेलं असतं. कुणा बिचाऱ्याचं कार्ड चोरून हा फिरवतोय.’

एवढं एकच वाक्य मला आधी ठाऊक असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. ते आता तुम्हाला ठाऊक आहे. जुनी गाडी, फर्निचर, भाड्याचं घर, कुठल्याही व्यवहारात ‘मी आर्मीत आहे’ म्हणून समोरचा स्वतःहून कार्डाचा फोटो पाठवू लागला, की तिथंच व्यवहार थांबवा.

जॅकेटचं सांगते. ‘वॉटरप्रूफ, गोरटेक्स’ (जलरोधक कापडाचा एक ब्रँड) असं लिहिलं होतं. बाहीत तांब्याभर पाणी ओतलं, तर शिवणीतून लगेच ठिबकायला लागलं. खऱ्या जलरोधक जॅकेटच्या शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली असते, इथं ती नव्हतीच. आतलं अस्तर उसवलं, तर पातळ पॉलिस्टर वॅडिंगचा एक थर. ‘उणे वीस’ हा आकडा कुठून आला, त्याला विचारायला नंतर तो फोनच उचलत नव्हता. हे जॅकेट घालून एखादं मूल केदारकंठाच्या तळावर रात्र काढायला निघालं असतं, या विचाराने मला अजून झोप लागत नाही. पैसे गेले ते गेले, पण थंडीने अंगातली ऊब उतरायला लागली की माणसाला वाचवायला फार वेळ मिळत नाही.

बूट मात्र मामांनाही खरे वाटले. कुठल्यातरी सैन्याचे, जुन्या साठ्यातले, न वापरलेले, पॉलिश केलेले. म्हणून सरावाला ते घालून आम्ही हरिश्चंद्रगडावर गेलो. जाताना पाचनईतून सोपी वाट होती, काही जाणवलं नाही. उतरताना खिरेश्वरकडे निघालो. तोलार खिंडीच्या वरचा कातळटप्पा ज्यांनी उतरला आहे त्यांना कळेल, तिथं पावलावर भरवसा लागतो. तिथंच एका मुलाच्या बुटाचा तळ टाचेकडून सुटला आणि लोंबायला लागला. पाठोपाठ दुसऱ्याचा. तळाचे तुकडे हातात घेतले तर ते चुरडले जात होते, वाळलेल्या शेणीसारखे. दोघांना बुटांना दोरी गुंडाळून, मागून-पुढून धरून खाली आणलं. नशीब, कुणी घसरलं नाही.

हे का होतं, ते कळून घ्या, कारण इथं ‘नवा कोरा’ हा शब्दच फसवा ठरतो. बऱ्याच बुटांच्या तळात पॉलियुरेथेन असतं. हवेतली आर्द्रता हळूहळू त्याची रासायनिक बांधणी तोडत राहते. बूट पायात असो वा खोक्यात, वय वाढतच असतं. उलट न वापरता वर्षानुवर्षं पडून राहिलेला जोड अचानक, एकाच दिवसात विरतो. आपल्या कोकणच्या किंवा घाटमाथ्याच्या दमट हवेत तर हे आणखी लवकर होतं. रबरी तळाला हा रोग नसतो. बूट घेताना तळाच्या कडेवर अंगठ्याचं नख जोरात दाबून बघा. खळगा तसाच राहिला, चीर दिसली किंवा भुकटी निघाली, तर फुकट मिळाले तरी घेऊ नका. जिभेच्या आतल्या बाजूला किंवा तळावर बहुधा बनावटीचं साल असतं. आमच्या सगळ्या जोडांवर ती जागा ब्लेडने खरवडलेली होती. विकणाऱ्याला सगळं माहीत होतं, हे त्यावरून कळलं.

पैसे परत मागितले तेव्हा तिसरा डाव सुरू झाला. इतके दिवस न लागणारा फोन अचानक लागला. माफी मागितली, ‘आमच्या साहेबांच्या अकाउंटवरून परतावा येईल’ म्हणाला, आणि ग्रुपमधल्या एका मुलीला क्यूआर कोड पाठवला. कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जमा होतील, असं सांगितलं. तिने पिन टाकला आणि तिच्या खात्यातून ९,००० गेले. तिच्या मेसच्या आणि खोलीच्या भाड्याचे पैसे होते ते. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो फक्त द्यायला. हे आपल्याला पाठ आहे असं वाटतं, पण पैसे बुडालेत आणि परत मिळणार आहेत अशा घाईत असलेल्या माणसाला नेमकं गाठलं जातं. म्हणून ज्यांची एकदा फसवणूक झाली आहे, त्यांनी दुसऱ्या फोनपासून जास्त सांभाळा.

तिने तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, त्यामुळे त्या नऊ हजारांतली काही रक्कम पुढच्या खात्यात गोठवली गेली. आमचे जॅकेट-बुटांचे पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते, ते अजून अडकलेलेच आहेत. पैसे गेल्यावर पहिले काही तासच महत्त्वाचे असतात. आधी १९३०, मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर लेखी तक्रार, मग ठाणं. वस्तू खोटी निघाली पण विक्रेता सापडतो आहे, अशी बाब असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

आता छपाईबद्दल. आमच्या जॅकेटांवर जी डिजिटल नक्षी होती, ती लष्कराच्या नव्या गणवेशाची नक्कल होती. हा गणवेश निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेच्या मदतीने तयार झाला आणि १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनाला पहिल्यांदा दिसला. नक्षीचे हक्क लष्कराने नोंदवून घेतले आहेत आणि तो खुल्या बाजारात विकायचा नाही, असं ठरलेलं आहे. त्याआधी जानेवारी २०१६ मध्ये, पठाणकोटच्या हल्ल्यानंतर, लष्कराने नागरिकांना लष्करी छपाईचे कपडे घालू नका आणि दुकानदारांना विकू नका असं आवाहन केलं होतं. कायदा सांगायचा तर भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ आहे : लोकांनी आपल्याला सैनिक समजावं या हेतूने तसा पोशाख घातला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेतू महत्त्वाचा, त्यामुळे हिरव्या ठिपक्यांची ट्रेक पँट घातली म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. पण देवळालीत, डेहराडूनच्या स्टेशनवर किंवा सीमेजवळच्या चौकीवर हुबेहूब गणवेशासारखं जॅकेट घातलेल्या दहा-बारा मुलांना थांबवलं जाणारच, आणि ते योग्यच आहे. गडचिरोलीच्या जंगलात तर असले कपडे घालून जाण्याचा विचारही करू नका. परदेशी जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवा : बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद इथं नागरिकांना कॅमोफ्लाज घालायला बंदी आहे. क्रिकेट बघायला वेस्ट इंडीजला जाणारे आपले लोक असतात, त्यांनी बॅगेतली तसली शॉर्टसुद्धा घरी ठेवावी.

माझं मत विचाराल तर आपल्या डोंगरांत ही नक्षी हवीच कशाला? धुक्यात, कारवीच्या रानात कुणी हरवलं तर शोधणाऱ्याला रंग दिसायला हवा. नारिंगी, लाल, पिवळा. लपण्यासाठी बनवलेलं कापड घालून दरीत पडलेल्या माणसाला शोधणं किती अवघड असतं, हे रेस्क्यूला जाणाऱ्या कुणालाही विचारा. साधं ऑलिव्ह किंवा खाकी घेतलंत तरी वरून एक भडक पाँचो किंवा सॅकचं भडक कव्हर ठेवा.

आणि ज्यांना खरंच परदेशी सरप्लस हवं आहे त्यांच्यासाठी. नाटो देशांच्या कपड्यांवर आत कापडी लेबल असतं आणि त्यावर बहुधा तेरा आकडी साठा क्रमांक असतो, चार-दोन-तीन-चार अशा गटांत. पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग सांगतात : ८४१५ किंवा ८४०५ असेल तर कपडे, ८४३० असेल तर पुरुषांची पादत्राणं. पुढचे दोन देश सांगतात : ०० किंवा ०१ अमेरिका, १२ जर्मनी, १४ फ्रान्स, ९९ ब्रिटन. ‘जर्मन आर्मीचं’ म्हणून विकतात आणि लेबलावर मधे ०१ असतं, किंवा बुटांवर ८४१५ छापलेलं असतं, तर तिथंच पकडता येतं. अमेरिकेच्या जुन्या लेबलांवर कंत्राट क्रमांकही असतो, आणि त्यातले दोन आकडे साल सांगतात. अर्थात लेबलही खोटं छापता येतं. म्हणून लेबलावर सुती लिहिलं असेल, तर आतल्या बाजूने कापडाच्या कडेचा एक धागा काढून जाळून बघा (शिवणीचा दोरा नको, तो वेगळा असू शकतो). निव्वळ सुती धाग्याची कागदासारखी जळून राख होते, पॉलिस्टर वितळून कडक काळा मणी होतो. आमच्या जॅकेटचं वरचं कापड ‘शंभर टक्के सुती’ म्हणून विकलं होतं, त्याचा मणीच झाला.

केदारकंठाला आम्ही गेलो. जॅकेटं आणि बूट सांकरीत, ट्रेकच्या पायथ्याच्या गावात, भाड्याने घेतले. तिथं गावातलेच लोक देतात, समोर घालून बघता येतं, नाही बसलं तर बदलून मिळतं. या माणसाकडे किंवा असल्या कुणाकडे तुमचेही पैसे अडकले असतील, तर पार्सलवरची पाठवणाऱ्याची चिठ्ठी फाडून टाकू नका. त्यावरचा कुरिअर क्रमांक, संभाषणाचे स्क्रीनशॉट, ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो, आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ असेल तर तोही तक्रारीला जोडा. आमच्या तक्रारीत पोलिसांनी सगळ्यात आधी कुरिअरची चिठ्ठीच मागितली.