चाळिशीनंतर पायलटचे ग्राउंड क्लासेस: शिकवणं फर्स्ट क्लास, काउन्सेलरचं मात्र निम्मंच ऐका

वय 42, टॅक्स कन्सल्टंट, राहणार पुणे. लहानपणी विमान दिसलं की गच्चीवर पळायचे वगैरे काही नाही हां, मुलगी बारावी करून बाहेरगावी शिकायला गेली आणि शनिवार-रविवार रिकामे मिळाले, एवढंच. गेल्या वर्षी इथल्याच एका क्लासला नाव घातलं, डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं, त्याच्या सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) पेपरांची तयारी, म्हणजे नुसती थिअरी, वीकेंड बॅच. क्लासचं नाव लिहीत नाहीये कारण थोडं वाईटही लिहिणारे आणि मला अजून तिथंच जायचंय.

आधी चांगलं सांगते. नॅव्हिगेशनला जे सर आहेत ते एअर फोर्समधून रिटायर झालेले, आणि त्यांच्यासाठी फीचे निम्मे पैसे वसूल. पहिल्याच लेक्चरला त्यांनी वन इन सिक्स्टी रूल शिकवला, म्हणजे साठ मैल गेलात आणि एक मैल बाजूला सरकलात तर एक डिग्री चुकलात, मग तीस मैलांत दोन मैल भरकटलात तर किती, तर चार डिग्री, सगळं तोंडी, कॅल्क्युलेटरला हात नाही लावायचा. दिवसभर जीएसटीचे आकडे बघणाऱ्या बाईला हे किती गोड वाटतं विचारू नका. मग सीआरपी-5 हातात दिला. नावाला कम्प्युटर, प्रत्यक्षात फिरणारी तबकडी आणि आत सरकणारी पट्टी. वाऱ्याची दिशा वर लावायची, मधल्या ठिपक्यापासून खाली वाऱ्याच्या वेगाइतकी पेन्सिलनं खूण करायची, मग हेडिंग फिरवून त्या खुणेवर ड्रिफ्ट (वाऱ्यानं विमान किती बाजूला सरकतं ते) आणि ग्राउंडस्पीड (जमिनीच्या हिशोबानं वेग) वाचायचा. मी खूण वर केली तर सर म्हणाले, "मॅडम, खाली. नाहीतर नाशिकला निघालेल्या तुम्ही शिर्डीला दर्शन घेऊन याल." बॅचमधली एकोणीस-वीस वर्षांची पोरं अजून मला शिर्डी ताई म्हणतात.

त्या तबकडीवरचे आकडे मुंगीएवढे असतात त्यामुळे चाळिशीचा चष्मा पहिल्या दिवसापासून जवळ ठेवा. चष्म्याचं टेन्शन घेऊ नका, मेडिकलला नियमात बसणारा नंबर चालतो, फक्त पुढे उडताना जादा चष्मा बरोबर बाळगावा लागतो.

मेटिऑरॉलॉजीला, म्हणजे हवामानाच्या विषयाला, मात्र मजा नाही. विषय खरं तर आपल्या घरचा, सह्याद्रीवर ढग का अडकतात आणि घाटापलीकडे पाऊस का कमी होतो हे पुण्याच्या माणसाला खिडकीतून दाखवता येईल, पण इथं क्वेश्चन बँक पाठ करून घेतात. पासिंगला 70 टक्के लागतात त्यामुळे पोरं पण तेच मागतात. आणि नोट्स जुन्या! आरटीआर म्हणजे रेडिओची परीक्षा आधी टेलिकॉम खात्याकडं असायची, 2024 च्या नव्या भारतीय वायुयान कायद्यानं ती डीजीसीएकडं आली, आमच्या छापील नोट्समध्ये अजून जुनंच. विचारलं तर म्हणे पुढच्या एडिशनमध्ये येईल.

एक क्रेडिट द्यायलाच हवं. माझी बारावी कॉमर्सची, आणि सीपीएलला फिजिक्स-मॅथ्स लागतं. एनआयओएस म्हणजे सरकारी मुक्त विद्यालय, तिथून ते दोन विषय देता येतात हे ऑफिसातल्या मॅडमनी नीट समजावलं, फॉर्म भरायला बसल्या माझ्याबरोबर. ते एकदम झकास.

आता काउन्सेलर. त्याच्या टेबलामागे जेआरडींचा मोठा फोटो आहे आणि चाळिशीपुढचं कोणी आलं की तो फोटो दाखवून सुरू होतो, "वय म्हणजे नुसता आकडा मॅडम, टाटासाहेबांनी 1982 मध्ये 78व्या वर्षी कराची-मुंबई परत उडवून दाखवलं." खरंय की. पण त्यांचं लायसन्स 1929 चं होतं आणि त्यांना ईएमआय नव्हता.

माझा तर धंदाच आकड्यांचा, म्हणून मी वहीत मांडलं. 200 तास उडायचं, मधे पावसाळा, विमान मेंटेनन्सला, इन्स्ट्रक्टर नाही, असं धरून सगळं मिळून दोन-अडीच वर्षं सहज. खर्च पन्नास लाखांच्या घरात, वर ए320 चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान उडवायचं खास ट्रेनिंग, वेगळं. एअरलाइन्सच्या कॅडेट प्रोग्रॅमची वयोमर्यादा साधारण तिशीच्या आसपास संपते, म्हणजे तो दरवाजा बंद, उरलं ते ओपन व्हेकन्सीची वाट बघणं. समजा पंचेचाळिशीत को-पायलट झाले, 65 ला थांबायचं, म्हणजे वीस वर्षं हातात, त्यातली पहिली काही कर्ज फेडण्यात आणि कॅप्टन व्हायला लागणारे 1500 तास जमवण्यात. जमतच नाही असं नाही, पण घर गहाण टाकून करायचं गणित हे नव्हे. काउन्सेलर यातलं अवाक्षर बोलत नाही, तो थेट 'ग्राउंड प्लस फ्लाइंग' पॅकेजचा कागद पुढे सरकवतो, परदेशातल्या स्कूलशी टायअप वगैरे, आज बुक केलं तर डिस्काउंट. तो कागद घेऊ नका, नुसते ग्राउंडचे विषय घ्या, तेही एकेक करून घेता येतात पण हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

आणि सगळ्यात आधी मेडिकल!! क्लास 2 (प्रायव्हेट लायसन्सला चालते ती) करा, मग क्लास 1 चं (कमर्शियलला लागते ती) बघा, रिपोर्ट हातात आल्यावर फी भरा. आमच्या बॅचमध्ये माझ्याच वयाचे एकजण पूर्ण पैसे भरून बसले आणि ईसीजीवरून मेडिकल अडकलं. रिफंड मागितला तर 'पॉलिसीत बसत नाही'. चाळिशीच्या माणसाला अॅडमिशनच्या दिवशी पहिलं वाक्य हे सांगायला पाहिजे होतं, याचा मला खरंच राग आहे.

माझं म्हणाल तर नॅव्ह आणि रेग्युलेशन निघाले, मेट राहिलाय. आता आधी पीपीएल, म्हणजे प्रायव्हेट पायलट लायसन्स, करायचं ठरवलंय, त्याला 40 तास पुरतात आणि क्लास 2 मेडिकलवर भागतं. फ्लाइंग स्कूलांपैकी गोंदिया, शिरपूर लांब पडतं, बारामती गाडीनं जाऊन येण्यासारखी आहे, प्रॅक्टिस सांभाळून तेच परवडेल. तिथं मन रमलं आणि पैसे उरले तर सीपीएल, नाहीतर रविवारची वैमानिक, काय वाईट आहे.

रेटिंग नॅव्हसाठी पाचपैकी पाच, मेटला अडीच, ऑफिसला चार, काउन्सेलरला शून्य. पार्किंग नाही, दुचाकीनं जा. जुलैत माझ्यासारखा रिटर्नचा सीझन असेल आणि लेक्चर बुडणार असतील तर रेकॉर्डिंग देतात, पण दोनदा मागावं लागतं.