पोखऱ्याची खोली, गोरखपूरचं खातं

दिवाळीच्या सुट्टीत पाठीवर बॅग टाकून डोंगरात जायचा बेत करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. 2023 च्या दिवाळीत नेपाळमधल्या पोखऱ्याला जाताना आमचे 32,100 रुपये गेले. काहींना रक्कम लहान वाटेल, पण आम्ही तिघांनी ती वर्षभर बाजूला टाकत जमवली होती. माझ्या एका मित्राचा वाटा तर भिशीच्या पैशातला होता. हे पैसे एका फटक्यात गेले नाहीत. पाच वेळा गेले आणि पाचही वेळा पिन मी माझ्या हाताने टाकला. मला जे सांगितलं गेलं त्यातलं बरंचसं खरं होतं, आणि म्हणूनच मी फसलो. तेव्हा नीट क्रमाने सांगतो.

मी भांडुपचा. एक मित्र कांजूरचा, दुसरा डोंबिवलीचा. तिघेही अंधेरीत एकाच ऑफिसात. इतक्या दिवाळ्या चाळीत, सोसायटीत केल्या. एक तरी दिवाळी पोखऱ्याच्या फेवा तलावाच्या काठावर करू असं ठरलं. आपली दिवाळी असते त्याच दिवसांत तिकडे तिहार असतो. पहिला दिवस कावळ्यांचा, दुसरा कुत्र्यांचा, मग लक्ष्मीपूजा, आणि शेवटी भाऊबीजेसारखी भाइटीका. कुर्ल्याहून गोरखपूरला जाणाऱ्या कुशीनगर एक्सप्रेसची तिकिटं जुलैतच काढली, कारण तेव्हा आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, रस्त्याने जाताना मतदार ओळखपत्र चालतं. सगळं सोपं होतं. राहायची खोली तेवढी बाकी होती, आणि ती आम्ही ऑक्टोबरपर्यंत लांबवली.

तलावाकाठच्या लेकसाइड भागातल्या एका गल्लीतलं छोटं गेस्ट हाऊस नकाशाच्या अ‍ॅपवर आवडलं. फोटो खरे, अभिप्राय खरे. हे मी आज खात्रीने सांगतो, कारण ते गेस्ट हाऊस मी नंतर डोळ्यांनी पाहिलं. खाली फोन नंबर होता, तो लावला. नंबर +91 ने सुरू होत होता. नेपाळचा कोड +977 आहे हे मला माहीत होतं. तरी "इंडियन गेस्टसाठी वेगळी लाइन आहे" या एका वाक्यावर माझं समाधान झालं.

माणूस फार गोड बोलायचा. मुंबईहून बोलतोय म्हटल्यावर "दादा" म्हणायला लागला. पुण्या-नाशिकची माणसं आमच्याकडे नेहमी येतात म्हणाला. "काळजी करू नका दादा" एवढं एक वाक्य त्याला मराठीत येत होतं आणि ते तो प्रत्येक फोनच्या शेवटी म्हणायचा. खोली रात्रीला 2,400, चार रात्रींचे 9,600, निम्मे आगाऊ. पैसे पाठवायला त्याने यूपीआयचा नंबर दिला. नाव आलं ते एका बाईचं. विचारलं तर म्हणाला, नेपाळच्या बँकेत यूपीआय चालत नाही, म्हणून भारतातल्या गेस्टचे पैसे गोरखपूरच्या मॅनेजरच्या खात्यावर घेतो, ते खातं त्यांच्या मिसेसच्या नावावर आहे.

मी पडताळून पाहिलं, तर त्यातलं पहिलं वाक्य खरं होतं. त्या वेळी नेपाळमध्ये आपलं यूपीआय चालत नव्हतं. तिथल्या दुकानांत भारतीय पर्यटकांना यूपीआयने पैसे देता येऊ लागले ते मार्च 2024 पासून. शंभराच्या वरच्या भारतीय नोटाही तेव्हा तिथे चालत नव्हत्या. पहिलं वाक्य खरं निघालं म्हणून पुढची दोन मी न तपासता खरी मानली. 4,800 पाठवले.

चार दिवसांनी संध्याकाळी त्याचा फोन. दादर स्टेशनच्या पुलावर होतो, सातची गर्दी. दुसरी पार्टी पूर्ण पैसे द्यायला तयार आहे, तिहारमुळे मालक थांबायला तयार नाही, वीस मिनिटांत उरलेले टाका नाहीतर खोली जाईल. मागून माणसं ढकलत होती. मी कठड्याला टेकलो आणि बॅग दोन पायांत धरून पिन टाकला. खाली फास्ट येत होती, ती पकडायची होती. त्या क्षणी मला खोलीपेक्षा लोकलची घाई जास्त होती. हे मुद्दाम सांगतोय, कारण या लोकांचे फोन संध्याकाळी सहा ते आठमध्येच का येतात हे मला आता कळतं.

तिसरी मागणी गाइडची. आम्हाला घोडेपाणी आणि पूनहिलचा ट्रेक करायचा होता. पूनहिल 3,210 मीटर, पहाटे तिथून अन्नपूर्णा आणि धौलागिरी दिसतात. तो म्हणाला, 1 एप्रिलपासून नेपाळ सरकारने परदेशी ट्रेकरना गाइड सक्तीचा केलाय, परमिटही लागतं, तिहारमध्ये कार्यालयं बंद असतात, आम्ही आधी काढून ठेवतो. शोधलं तर गाइड सक्तीची बातमी खरी! तिघांचे 13,500. शिक्के मारलेली एक पीडीएफही आली. त्यात आमची नावं, ओळखपत्रांचे क्रमांक आणि फोटो होते, जे मीच त्याला पाठवले होते. अन्नपूर्णा क्षेत्राचं परमिट सार्क, म्हणजे भारतासह दक्षिण आशियातल्या, देशांच्या नागरिकांना 1,000 नेपाळी रुपयांना मिळतं, म्हणजे आपले 625, आणि ते पोखऱ्यातच डॅमसाइडच्या कार्यालयात मिळतं. एवढं शोधायला मला पाच मिनिटं लागली असती. नियम खरा आहे एवढं बघून मी थांबलो. त्याचे पैसे किती आणि ते कोणाला द्यायचे, हे पाहिलंच नाही.

मग 3 नोव्हेंबरच्या रात्री पश्चिम नेपाळात, जाजरकोटला, भूकंप झाला. दीडशेहून जास्त माणसं गेली. जाजरकोट पोखऱ्यापासून बरंच लांब आहे, पण डोंबिवलीच्या मित्राच्या आईने त्याला सोडायला साफ नकार दिला. कोणती आई सोडेल? मी त्या माणसाला फोन करून एकाचे पैसे परत मिळतील का विचारलं. तो लगेच हो म्हणाला. भूकंपात काय हाल झालेत ते सांगितलं, त्याचा आवाजही जड झाला होता. गाइडचे 4,500 परत करतो म्हणाला आणि एक क्यूआर पाठवला. "स्कॅन करा, रक्कम दिसेल, पिन टाका, पैसे जमा होतील."

मी पिन टाकला. 4,500 माझ्याच खात्यातून गेले. फोन केला तर म्हणाला, सर्व्हर उलटा लागला, आता एकदाच परत करा, दोन्ही मिळून 9,000 येतील. आणि मी परत केलं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, हे मला माहीत होतं. घरी आईला मीच शिकवलं होतं. पण समोरच्याशी महिनाभर बोलणं झालेलं, त्याच्या देशात माणसं मेलेली, आणि पैसे मागणारा मी. माझ्याच मनात संकोच होता. त्या संकोचाचे 9,000 गेले.

त्यानंतर त्याने फोन उचलणं कमी केलं. "भूकंपामुळे नेटवर्क नाही" असा मेसेज आला, तोही पटला.

वसुबारसेच्या रात्री आम्ही दोघेच निघालो, मी आणि कांजूरचा मित्र. आईने चकल्या आणि बेसनाचे लाडू दिले होते. गोरखपूर, सीमेवरचं सोनौली, तिथल्या कमानीखालून चालत पलीकडे नेपाळात, मग बुटवल आणि पाल्प्याच्या घाटातून बस. पोखऱ्याला रात्री दहाला उतरलो. जवळ शंभराच्या नोटांत 12,000 रुपये होते, बाकी सगळं आधीच "भरलेलं".

गेस्ट हाऊसच्या दारात झेंडूच्या माळा होत्या. आत काउंटरवर पन्नाशीच्या एक बाई वाती वळत बसल्या होत्या. मी मोबाइलवरची पावती पुढे केली. त्यांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली, मग फोन नंबरावर बोट ठेवलं.

"भाइ, ये नंबर हमारा नहीं है।"

"दिदी, आपके ही हॉटल का नाम है।"

"नाम हमारा है। फोटो भी हमारा है। पैसा हमको नहीं आया।"

त्यांनी मला बाहेर नेऊन पाटी दाखवली. त्यावर 061 ने सुरू होणारा, पोखऱ्याचा लँडलाइन नंबर होता. नकाशावरच्या कुठल्याही दुकानाचा, हॉटेलचा फोन नंबर "चुकीचा आहे" म्हणून कोणीही बदल सुचवू शकतं. त्यांच्या नंबराचं तेच झालं होतं. त्या हंगामात असे आलेले आम्ही चौथे. आधीच्या एका कुटुंबाने त्यांनाच चोर म्हणून आरडाओरडा केला होता. ते सांगताना त्यांचा आवाज कापत होता, आणि मला माझ्या पैशापेक्षा त्याची जास्त लाज वाटली, कारण दोन मिनिटांपूर्वी माझ्याही मनात तेच आलं होतं.

खोल्या भरलेल्या होत्या. त्यांनी गच्चीवरच्या सामानाच्या खोलीत दोन गाद्या टाकून दिल्या. दोघांचे मिळून रात्रीचे 800 नेपाळी, आपले 500. सकाळी खाली आलो तर दिदी गल्लीतल्या कुत्र्यांना टिळा लावत होत्या. एका लंगड्या, कान फाटलेल्या कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ होती आणि तो पुढ्यातलं मांस सोडून ती माळ हुंगत होता. आमच्याकडे तेव्हा नरकचतुर्दशीची पहाट. आम्ही लाडवाचा डबा दिदींपुढे ठेवला.

ट्रेक झाला नाही, तेवढे पैसेच नव्हते. तलाव पाहिला, शांती स्तूपापर्यंत चालत गेलो, माछापुच्छ्रेचं शिखर दोनदा स्पष्ट दिसलं. पोखरा सुंदरच आहे, त्या गावाची काही चूक नाही.

तक्रारीचं मात्र सविस्तर सांगतो. माझं भारतीय सिम तिथे चालत नव्हतं, म्हणून गेस्ट हाऊसच्या वायफायवरून ठाण्याच्या ताईला कळवलं आणि तिने 1930, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, लावला. तिकडे व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक विचारतात, तारीख आणि रक्कम विचारतात. ते सगळं बँकेच्या स्टेटमेंटमध्ये असतं, मी रात्रीच काढून तिला पाठवलं होतं. पण व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर त्या माणसाचे मेसेज, पीडीएफ, क्यूआर, सगळं गायब झालेलं. पैसे देतानाच स्क्रीनशॉट काढून ठेवा हो. माझ्याकडे फक्त दोन होते, तेही मित्रांना हिशेब दाखवायला काढलेले.

तक्रार जितक्या लवकर, तितकी पैसे गोठवण्याची शक्यता जास्त. माझे पहिले तीन व्यवहार ऑक्टोबरचे, ते कधीच पुढच्या खात्यांत पसरले होते. शेवटच्या 9,000 पैकी 3,100 एका खात्यात सापडले, ते बँकेने रोखले. मुंबईत परतल्यावर माझ्या बँकेत गेलो. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाचा कागद घेऊन गेलो होतो, तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी नाही, असं कोणीतरी सांगितलं होतं. काउंटरवरच्या मॅडमनी शांतपणे समजावलं की ते तुमच्या नकळत झालेल्या व्यवहाराला लागू, इथे पिन तुम्ही टाकलाय. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पोलीस ठाण्यात चार फेऱ्या झाल्या. खातं ज्या बाईंच्या नावावर होतं, त्यांनी ते कोणाला तरी महिना काही हजारांवर वापरायला दिलं होतं, एवढं कळलं. कोर्टाच्या आदेशानंतर जून 2024 मध्ये 3,100 परत आले. उरलेल्या 29,000 पैकी मित्रांचा वाटा, ते नको म्हणत असतानाही, मी त्यांना हळूहळू दिला.

आता मी कुठेही जाताना हॉटेलचा नंबर नकाशावरून घेत नाही. नंबर त्या देशाचा, त्या गावाचा आहे का ते बघतो. व्हिडिओ कॉल करून काउंटर आणि दारावरची पाटी दाखवायला सांगतो. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही. पैशाच्या खात्यावर हॉटेलऐवजी कोणाचं वैयक्तिक नाव आलं तर तिथेच थांबतो, मग त्याचं सांगितलेलं कारण कितीही खरं वाटो. आणि चालत्या रस्त्यात, पुलावर, गाडीत पैसे पाठवत नाही. घरी गेल्यावर पाठवतो. खोली गेली तर जाऊ दे.

2024 च्या दिवाळीआधी डोंबिवलीच्या मित्राने पुन्हा विषय काढला. मी 061 वर फोन केला, दिदींनीच उचलला. ओळख सांगितल्यावर म्हणाल्या, "भाइ, ट्रेक बाकी है ना?" मग सहज नकाशा उघडला. त्यांच्या गेस्ट हाऊसच्या नावाखाली पुन्हा एक नवा +91 चा नंबर होता. त्या रात्री आम्ही तिघांनी आपापल्या फोनवरून तो चुकीचा असल्याचं कळवलं. दहा दिवसांनी 061 चा नंबर परत आला. गेल्या आठवड्यात पाहिलं, तर तो पुन्हा बदललेला आहे.