मावशीचे खाते, माझे मुखत्यारपत्र आणि बँकेचे चौदा आठवडे

माझी मावशी १९७० च्या दशकात परिचारिका म्हणून इंग्लंडला आली. तिची सगळी नोकरी इथल्या सरकारी आरोग्यसेवेत झाली, आणि पहिला पगार जमा करण्यासाठी गावातल्या मुख्य रस्त्यावरच्या बँकेत तिने जे खाते उघडले तेच आजही चालू आहे. इंग्लंडमध्ये बाजारपेठेच्या मुख्य रस्त्याला हाय स्ट्रीट म्हणतात आणि त्या रस्त्यावर पिढ्यान्‌पिढ्या शाखा थाटून बसलेल्या मोठ्या बँकांना हाय स्ट्रीट बँका. मावशीची बँक त्यांपैकीच एक आहे. तिचे नाव मी देत नाही, कारण इथल्या ओळखीच्या मराठी कुटुंबांकडून इतर मोठ्या बँकांचेही असेच अनुभव मी ऐकले आहेत आणि माझा आक्षेप एका पाटीपुरता नाही.

दोन वर्षांपूर्वी मावशीची स्मृती हळूहळू साथ सोडू लागली. तिला सगळे नीट समजत होते तेव्हाच तिने माझ्या नावे लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी केली होती, म्हणजे तिच्या वतीने पैशाचे व्यवहार पाहण्याचे मुखत्यारपत्र. भारतातल्या साध्या कुलमुखत्यारपत्राहून हे वेगळे असते. ज्याने ते करून दिले त्याची निर्णयक्षमता गेली तरी ते टिकते, आणि त्याचा खरा उपयोगच तेव्हा असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये ते ऑफिस ऑफ द पब्लिक गार्डियन या सरकारी कार्यालयात नोंदवावे लागते व नोंदणीशिवाय वापरता येत नाही. आमची नोंदणी रीतसर झालेली होती. उरले होते ते फक्त बँकेने तो कागद पाहून मला खाते चालवू देणे. एवढ्या कामाला चौदा आठवडे लागले.

सुरुवात मी बँकेच्या संकेतस्थळावरच्या अर्जाने केली. मावशीचे पूर्ण नाव, काकांच्या नावासह, पासपोर्टवर आहे तसे मुखत्यारपत्रावर आहे, परंतु बँकेच्या दप्तरी मधल्या नावाचे फक्त आद्याक्षर आहे. तेवढ्यावरून अर्ज नाकारला गेला. आपल्या बायकांच्या नावात मधे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते, लग्नानंतर ते बदलते आणि प्रत्येक कागदावर ते वेगळ्या तऱ्हेने लिहिले जाते, त्यामुळे ही अडचण अनेक मराठी घरांत येणार आहे. ज्यांचे आईवडील इथे आहेत त्यांनी बँकेतले नाव आणि पासपोर्टवरचे नाव आजच ताडून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

फोनवर पन्नास मिनिटे थांबल्यानंतर शाखेत जाण्याचा सल्ला मिळाला आणि शाखेतली भेटीची वेळ बारा दिवसांनंतरची मिळाली. मुखत्यारपत्राची साक्षांकित प्रत करताना वकिलाला प्रत्येक पानावर, ही मूळ पानाची खरी व पूर्ण प्रत आहे, असे लिहून सही करावी लागते. आमच्या वकिलांनी ते चोख केले होते. शाखेत ती प्रत यंत्रात घालून तिची प्रतिमा दूरच्या कुठल्याशा मध्यवर्ती विभागाकडे पाठवण्यात आली. तीन आठवड्यांनी पत्र आले की एका पानावरचे साक्षांकन वाचता येत नाही. मी घरची प्रत काढून ते पान खिडकीच्या उजेडात धरले. वकिलांचा शिक्का फिकट निळ्या शाईचा होता, डोळ्यांना अगदी स्पष्ट दिसत होता, परंतु बँकेच्या यंत्राने काढलेल्या काळ्यापांढऱ्या प्रतिमेत तो पुसट झाला होता. म्हणजे दोष बँकेच्या यंत्राचा होता आणि त्यापायी पुन्हा वकिलाकडे खेटे घालणे मात्र माझ्या वाट्याला आले.

याहून अधिक खेद मला दुसऱ्या एका गोष्टीचा वाटतो. पब्लिक गार्डियनच्या कार्यालयाने २०२० पासून ऑनलाइन सोय केली आहे. तिथून मुखत्याराने एक सांकेतिक क्रमांक काढून बँकेला द्यावा आणि बँकेने तो वापरून सरकारी नोंदीचा गोषवारा थेट पाहावा, इतके ते सोपे आहे. मी तो क्रमांक पहिल्याच भेटीत लिहून दिला होता. अशा क्रमांकाची मुदत तीस दिवसांची असते, आणि मध्यवर्ती विभागात आमची फाईल कोणी उघडीपर्यंत ती संपून गेली होती.

आठव्या आठवड्यात मावशीच्या नावाने पत्र आले की ओळख पटवण्यासाठी तिने स्वतः फोन करावा. मी तिच्या शेजारी बसून फोन लावून दिला. पलीकडच्या मुलीने अत्यंत नम्रपणे विचारले की खाते सुरक्षित ठेवण्यासाठी आपण निवडलेल्या शब्दातले तिसरे आणि पाचवे अक्षर कोणते. मावशीने माझ्याकडे पाहिले, मग हाताच्या बोटांवर काहीतरी मोजू लागली आणि अखेर मराठीत मला म्हणाली, "अगं, ती काय विचारतेय? मला नाही गं येत." जिने अतिदक्षता विभागात रात्रीच्या रात्री औषधांच्या मात्रा बिनचूक सांभाळल्या, त्या बाईच्या चेहऱ्यावरची ती लाज मी विसरू शकत नाही. स्मृती गेली म्हणून ज्या कागदाचा आधार घ्यायचा, तो कागद स्वीकारण्यासाठी स्मृतीचीच परीक्षा घेतली जात होती, आणि हे त्या मुलीच्या लक्षात येत असूनही समोरच्या पडद्यावरचा प्रश्न वगळण्याचा अधिकार तिला नव्हता.

दरम्यान पिन तीनदा चुकल्यामुळे मावशीचे कार्ड बंद पडले होते. ठरलेली बिले खात्यातून आपोआप जात होती, परंतु घरी येणाऱ्या मदतनीस बाईंच्या संस्थेचे पैसे मला माझ्या खिशातून भरावे लागले. कायद्याने मुखत्याराला दोघांचे पैसे वेगळे ठेवावे लागतात आणि पैन्‌पैचा हिशोब द्यावा लागतो, त्यामुळे प्रत्येक पावती जपून वहीला चिकटवत बसणे हे माझे रविवारचे काम झाले.

बँकेने तपासणी करू नये असे माझे म्हणणे अजिबात नाही. वृद्धांचे पैसे जवळचेच नातेवाईक लुबाडतात, हे वास्तव आहे. शिवाय ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथला नियम असा आहे की फसवणुकीला बळी पडून ग्राहकाने स्वतःच्या हाताने पैसे पाठवले असले तरी बहुतेक प्रकरणांत बँकांनी ते भरून द्यावेत, त्याची मर्यादा ८५,००० पौंड. त्यामुळे बँका अधिक सावध झाल्या असतील तर ते योग्यच आहे. परंतु या चौदा आठवड्यांत माझी बारकाईने चौकशी कोणीच केली नाही. मावशीशी माझे नाते काय, पैसे कशासाठी लागणार आहेत, हिशोब कसा ठेवते, यांतले काहीही मला विचारले गेले नाही. तपासले गेले ते केवळ आद्याक्षर आणि शाई.

या सगळ्यात एकच व्यक्ती उपयोगी पडली, ती म्हणजे शाखेतल्या काउंटरवरच्या एक जुन्या बाई. दुसऱ्या भेटीत मावशीला पाहताच त्यांनी तिला नावाने हाक मारली, गुडघ्याची चौकशी केली आणि मला बाजूला घेऊन सांगितले, "तुम्ही नुसती विचारणा करत राहू नका, तक्रार हा शब्द वापरा आणि ती नोंदवून घ्यायला लावा." त्यांचा सल्ला अचूक होता. औपचारिक तक्रार नोंदली गेली की बँकेला साधारणपणे आठ आठवड्यांत अंतिम उत्तर द्यावेच लागते. ते पटले नाही किंवा आलेच नाही, तर ग्राहकांच्या बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या फायनान्शियल ऑम्बुड्समन सर्व्हिसकडे विनामूल्य दाद मागता येते, मात्र अंतिम उत्तर मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. नवव्या आठवड्यात मी तक्रार केली आणि प्रथमच एक माणूस मिळाला, ज्याचे नाव मला ठाऊक होते, ज्याचा थेट क्रमांक माझ्याजवळ होता आणि ज्याने सगळी फाईल स्वतः वाचली होती. त्याने मध्यवर्ती विभागाला मूळ साक्षांकित प्रत टपालाने मागवायला लावली, आद्याक्षराचा घोळ एका फोनमध्ये मिटवला आणि चौदाव्या आठवड्यात माझ्या नावाचे कार्ड घरी आले. सोबत दिलगिरीचे पत्र आणि भरपाईचे १५० पौंड होते. ते काम पहिल्या आठवड्यात याच रीतीने होऊ शकले असते.

या बँकेचे मोबाइल ॲप उत्तम आहे, पैसे पाठवण्यापूर्वी समोरच्याचे नाव जुळते का हे ते तत्काळ दाखवते, आणि तरुण नोकरदाराला या बँकेत खाते ठेवण्यात काहीच अडचण नाही. परंतु ज्यांचे आईवडील किंवा सासूसासरे या देशात म्हातारे होत आहेत त्यांना मी ही बँक सुचवणार नाही. निदान मुखत्यारपत्राचे काम शाखेतल्या माणसाच्या हाती परत दिले जाईपर्यंत तरी नाही. आणि ते होईल असे दिसत नाही, कारण अकराव्या आठवड्यात शाखा बंद होणार असल्याची नोटीस दारावर लागली. २०१५ पासून ब्रिटनमधल्या सहा हजारांहून अधिक बँक शाखा बंद झाल्या असल्याची नोंद विच या ग्राहक संस्थेने केली आहे. आता आमच्यासाठी शेजारच्या गावातले बँकिंग हब आहे. तिथला काउंटर पोस्ट ऑफिस चालवते आणि प्रत्येक मोठ्या बँकेचा माणूस आठवड्यातून एक दिवस येऊन बसतो. रोख काढायला व भरायला ती सोय चांगली आहे, मी दोनदा जाऊन आले. मुखत्यारपत्राबद्दल विचारले तेव्हा तिथल्या गृहस्थांनी मला मध्यवर्ती विभागाचाच फोन क्रमांक लिहून दिला.

काउंटरवरच्या बाईंनी दुसरीकडे बदली न घेता निवृत्त व्हायचे ठरवले आहे. शाखेच्या शेवटच्या दिवशी मी मावशीला त्यांच्या भेटीला घेऊन जाणार आहे. मावशीला तारीख लक्षात राहत नाही, म्हणून ती मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या पलंगासमोर लावली आहे.