इंटरनेट अर्काइव्ह: ‘मेसोब्लास्ट’ शोधणाऱ्यांसाठी

बीएस्सीच्या मुलांना कोंबडीच्या भ्रूणाच्या स्लाइड शिकवते, म्हणून इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयाची ही शिफारस. फॉस्टर आणि बाल्फर यांचं १८७४ चं ‘द एलिमेंट्स ऑफ एम्ब्रियॉलॉजी’ इथे फुकट वाचता येतं. पुस्तकाच्या आतल्या शोधपट्टीत ‘मेसोब्लास्ट’ टाका, तो शब्द असलेली पानं समोर येतात. आज ज्याला मेसोडर्म म्हणतो तोच हा, भ्रूणाच्या तीन थरांमधला मधला थर. हृदय, स्नायू, रक्त यातूनच घडतं. हा शब्द आता जवळपास मागे पडला, त्यामुळे तो गोंधळ घालत नाही.

खरी अडचण त्याच्या दोन सोबत्यांची. जुन्या पुस्तकात एपिब्लास्ट म्हणजे एक्टोडर्म, बाहेरचा थर, आणि हायपोब्लास्ट म्हणजे आतड्याचं अस्तर बनवणारा एंडोडर्म. आजही हे शब्द चालतात, पण अर्थ वेगळा. आता एपिब्लास्टमधून तिन्ही थर निघतात, हायपोब्लास्टमधून भ्रूणाचं आतडं बनत नाही. मुलांनो, जुनी आकृती वहीत उतरवण्याआधी पुस्तकाचं साल बघाच!

आकृत्या मात्र अप्रतिम. पान मोठं करून आदिरेषा (भ्रूणावर सुरुवातीला उमटणारी रेघ, ‘प्रिमिटिव्ह स्ट्रीक’) न्याहाळा, कोरलेली रेघ न् रेघ दिसते. गावातल्या कॉलेजच्या ग्रंथालयात असं पुस्तक कुठून मिळणार? माझ्याकडून पाच तारे.