कोळशाचा संच की गॅसचा: ऑपरेशनमध्ये शिरण्याआधी

कलाभवनातून (महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्याशाखेतून) पदविका किंवा पदवी घेऊन वीजकेंद्रात ऑपरेशनला, म्हणजे यंत्रं चालवण्याच्या कामाला, जायचं ठरलं, की बडोद्याच्या मुलामुलींसमोर दोन वाटा असतात. एक महीकाठच्या वणाकबोरीची. तिथे २१० मेगावॅटचे सात कोळशाचे संच उभे राहिले आणि पुढे ८०० मेगावॅटचा आठवा आला. दुसरी गॅसची: शहराला लागून रणोलीकडे, किंवा खाली खंभातच्या बाजूला धुवारणला. दोन्हीकडे वाफ, टर्बाइन आणि जनरेटर असतात, शिफ्टही तीनच. पण शिकायला मिळतं ते अगदी वेगळं. आमचं मत आधीच सांगतो: नवख्याने चार-पाच वर्षं कोळशावर काढावीत, मग हवं तर गॅसकडे यावं. उलट दिशेनेही जाता येतं, पण जास्त त्रासाने.

मुळात फरक इंधनाचा. २१० मेगावॅटचा संच पूर्ण भारावर असेल आणि कोळसा किलोला ३,९०० किलोकॅलरीच्या आसपासचा असेल, तर तासाला साधारण १३० टन जाळावा लागतो. राख ३५ ते ४० टक्के धरली तर तासाला पन्नास टनांच्या आसपास राखच निघते. तिच्यातला पाचवा हिस्सा भट्टीच्या तळाशी पडतो, बाकीची ईएसपीच्या, म्हणजे धुरातली राख विजेच्या भाराने ओढून घेणाऱ्या यंत्राच्या, हॉपरमध्ये जमते. कोळसा सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. गॅस मात्र पाइपातून येतो. त्याचा दाब, फिल्टरवरचा फरक, तापमान आणि डिटेक्टर पाहिले, की इंधनाची बाजू बरीचशी उरकली.

म्हणूनच कोळशावरच्या माणसाचा हात पावसाळ्यात तयार होतो. ओला कोळसा बंकरच्या (साठवणीच्या टाकीच्या) निमुळत्या तोंडाशी अडकतो. त्याखालचा फीडर फिरत असतो, पण कोळसा दळणाऱ्या मिलमध्ये काही पडत नाही. मिलचे अँपिअर उतरतात आणि एरवी ७५ ते ९० अंशांत राहणारं आउटलेट तापमान चढू लागतं. ज्योत स्थिर आहे तोवरच त्या उंचीवरच्या ऑइल गन (तेलाचे बर्नर) लावायच्या, मिलची गरम हवा कमी करून थंड हवा उघडायची, भार उतरवायचा आणि बंकरवर माणूस पाठवायचा. हा क्रम चुकला आणि ज्योत आधीच गेलेली असली, तर तेल लावून ती परत आणायचा मोह अजिबात करू नये. भट्टीत न जळलेली कोळशाची भुकटी तरंगत असते, तिला ठिणगी मिळाली की स्फोटच. अशा वेळी बॉयलर ट्रिप होऊ द्यावा, म्हणजे आपोआप बंद पडू द्यावा, निदान ३० टक्के हवेवर पाच मिनिटं पर्ज करावं, म्हणजे नुसती हवा सोडून भट्टी साफ करावी, आणि मगच पुन्हा पेटवावा. पर्जचा इंटरलॉक (पर्ज झाल्याशिवाय पेटू न देणारी अडसर-व्यवस्था) बायपास करा असं कुणी सांगितलं, तर ऐकू नये, मग तो कितीही वरचा असो.

गॅस टर्बाइनमध्ये पर्जचं काम नियंत्रण प्रणालीच करते. क्रँकिंग मोटर रोटर फिरवते, ठरलेला वेळ नुसती हवा मागच्या एचआरएसजीतून (टर्बाइनच्या गरम धुरावर वाफ करणाऱ्या बॉयलरमधून) जाते, आणि मगच ठिणगी पडते. ऑपरेटर पडद्यावर क्रम पाहत बसतो. सोय उत्तम आहे, पण पर्ज कशासाठी हे कळायला जी भीती लागते, ती पडदा पाहून येत नाही.

दुसरं मोठं प्रकरण बॉयलरची ट्यूब, म्हणजे पाण्याची किंवा वाफेची नळी, फुटण्याचं. भारतीय कोळशाच्या राखेत सिलिका बरीच असते. इकॉनॉमायझरच्या (धुराच्या उष्णतेवर फीडचं पाणी तापवणाऱ्या नळ्यांच्या) बेंडजवळ आणि जिथे धुराचा वेग वाढतो तिथे ती नळी घासत राहते. नळ्यांवरची राख उडवणाऱ्या सूट ब्लोअरच्या वाफेत पाणी राहिलं तर तीही नळ्या कापते. पहिली खूण मेकअपच्या, म्हणजे भर घालायच्या पाण्याच्या, आकड्यात दिसते: डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याचा खप कारण नसताना वाढतो. मग धूर ओढणाऱ्या आयडी फॅनचे अँपिअर चढतात, भट्टीतला उणे पाच ते दहा मिलिमीटर पाण्याइतका दाब, म्हणजे ड्राफ्ट, डुलू लागतो, आणि मॅनहोलपाशी कान दिला तर फुसफुस ऐकू येते. संच लवकर बंद केला तर एक-दोन नळ्यांवर भागतं. ग्रिडला वीज हवी म्हणून दोन दिवस ओढला, तर फुटलेल्या नळीची वाफ शेजारच्या नळ्या कापत जाते आणि दुरुस्ती दुपटीतिपटीने वाढते.

ड्रमची, म्हणजे पाणी आणि वाफ वेगळी करणाऱ्या टाकीची, पातळी दोन्हीकडे आहे. भार एकदम वाढला की दाब पडतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पातळी चढल्यासारखी दिसते. नवखा फीड (येणारं पाणी) कमी करतो, आणि मिनिटभरात खरी पातळी कोसळते. स्टीम फ्लो आणि फीड फ्लो या दोन आकड्यांकडे आधी पाहायची सवय लागली की हे टळतं. वणाकबोरीचा ८०० मेगावॅटचा संच सुपरक्रिटिकल आहे, म्हणजे इतक्या दाबावर चालतो की पाणी आणि वाफ वेगळी राहत नाहीत. तिथे ड्रमच नाही, त्यामुळे हा धडा २१० च्या संचावरच घ्यावा.

आता गॅसची खरी बाजू. थंड कोळशाचा संच ग्रिडला जोडायला सहा ते आठ तास लागतात. गॅस टर्बाइन अर्ध्या तासात भार घेते. वेळ जातो तो एचआरएसजी आणि स्टीम टर्बाइन तापवण्यात. पण या चपळाईची किंमत गरम भागांनी मोजायची असते. ई-वर्गाच्या (जुन्या पिढीच्या) यंत्रांत हॉट गॅस पाथची, म्हणजे गरम वायू ज्यातून जातो त्या भागांची, तपासणी साधारण २४,००० तासांनी किंवा १,२०० स्टार्टांनी येते, मोठी तपासणी त्याच्या दुपटीला. काही मॉडेलांच्या हिशेबात पूर्ण भारावरची एक ट्रिप आठ स्टार्टांइतकी धरतात. गेज ट्रान्समीटरची सैल वायर तपासायचा कंटाळा केला आणि त्याने ट्रिप आली, तर त्याचं बिल ब्लेडवर निघतं. एक्झॉस्टमधल्या थर्मोकपलांचा (तापमान मोजणाऱ्या तारांचा) स्प्रेड, म्हणजे त्यांच्या आकड्यांतला फरक, रोज लिहून ठेवावा. तो हळूहळू वाढत असेल तर इंधनाचं नोझल चोंदतंय किंवा ज्वलनकक्षाचा एखादा लायनर (आतलं अस्तर) तडकतोय. तो एकदम उडाला तर आधी थर्मोकपलवरच संशय घ्यावा.

नंदेसरी-रणोलीच्या हवेत धूळ आणि रसायनं दोन्ही असतात, त्यामुळे टर्बाइनला हवा दाबून देणारा कंप्रेसर मळतो, तोही गुपचूप. शिवाय मे महिन्यात हवा ४२ अंशांवर गेली की १५ अंशांवर मोजलेली क्षमता १५ ते २० टक्क्यांनी खाली येते. ऊन आणि मळ यांचा हिशेब वेगळा केला नाही, तर ऑफलाइन वॉश (यंत्र थांबवून कंप्रेसर धुणं) कधी करायचा हे कधीच कळत नाही. आणि एक सुरक्षिततेची गोष्ट: टर्बाइनच्या बंदिस्त कप्प्यात शिरण्याआधी कार्बन डायऑक्साइडची अग्निशमन यंत्रणा आयसोलेट करून टॅग लावायचा. तो वायू आत सुटला तर दार गाठायलाही वेळ मिळत नाही.

ऑक्झिलरीचा खप, म्हणजे केंद्राने स्वतःसाठी वापरलेली वीज, कोळशावर साडेआठ-नऊ टक्के, कंबाइंड सायकलमध्ये (गॅस आणि स्टीम टर्बाइन जोडीने चालतात त्या केंद्रात) तीनच्या आत. गॅसला जागा कमी, माणसं कमी, राखेचा त्रास नाही. रावपुऱ्यात घरी राहून रणोलीची शिफ्ट करता येते, वणाकबोरीला कॉलनीतच राहणं बरं. आई-वडिलांचं मत साहजिकच गॅसकडे झुकतं.

अडचण एवढीच, की गॅसची केंद्रं बराच काळ बंद उभी असतात. देशातला गॅस अपुरा आणि आयात केलेला महाग. २०२४ च्या मे-जूनमध्ये केंद्र सरकारला वीज कायद्याचं कलम ११ लावून गॅसच्या केंद्रांना चालायला सांगावं लागलं होतं. असा बंद उभा संच सांभाळणं हेही काम आहे: एचआरएसजीला नायट्रोजनचं आच्छादन द्यायचं किंवा तो पूर्ण कोरडा ठेवायचा, नाहीतर ऑक्सिजनने नळ्यांना खड्डे पडतात. रोटर ठरल्या वेळी फिरवायचा, ल्युब ऑइलमधलं पाणी तपासायचं. पण हे करत दोन वर्षं गेली तर पंचविशीतल्या इंजिनिअरच्या हाताला चालत्या यंत्राचा स्पर्शही होत नाही.

म्हणून मुलाखतीत पगाराआधी हे विचारावं: गेल्या वर्षी संच किती तास चालला, किती स्टार्ट झाले आणि त्यातल्या किती ट्रिपनंतरच्या? नियंत्रण कक्षातल्या डेस्कवर बसायला किती महिन्यांनी मिळतं? ओव्हरहॉलमध्ये ऑपरेशनच्या माणसाला बॉयलरच्या आत जाऊ देतात का? गॅसच्या केंद्राने वर्षाला चार-पाच हजार तास सांगितले, तर आमचं वरचं मत बाजूला ठेवून ती नोकरी घ्यायला हरकत नाही.