घर ७१ लाखांना विकले गेले, मी मात्र साडेपंचाहत्तर मोजले

एजंट दोन्हीकडून दलाली घेतात, नसलेली गिऱ्हाइके उभी करतात आणि आज टोकन दिले नाही तर फ्लॅट हातचा जाईल म्हणून घाई करतात, हे मला ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. सव्वीस वर्षे मी लेखापरीक्षणात दुसऱ्यांची व्हाउचरे तपासली आहेत. म्हणूनच हे लिहिताना रागापेक्षा लाज अधिक वाटते.

सिंहगड रस्त्याजवळचा हा दोन बेडरूमचा फ्लॅट २००४ साली बांधलेल्या इमारतीत आहे. एजंटाने ७८ लाख सांगितले, मी ७० पासून सुरुवात केली आणि आठवडाभरात ७२ पर्यंत आलो. मालक अकोल्याला असतात, वय झालेले आहे, थेट फोन केलेला त्यांना खपत नाही, असे मला सांगण्यात आले. (मालकाचा नंबर जो देत नाही त्याला एक रुपयाही देऊ नका, करारावर सह्या होण्याआधी मालकाशी तुम्ही स्वतः बोललेच पाहिजे.) मग एका शनिवारी संध्याकाळी एजंटाच्या कार्यालयात पत्नी आणि मी बसलो असताना त्याने फोन स्पीकरवर टाकला. "साडेपंचाहत्तरच्या खाली मला जमणार नाही, उद्या बावधनच्या पार्टीचा चेक घेतोय," असे पलीकडचा आवाज स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाला. पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि मी मान हलवली.

त्यानंतर खरी कारागिरी झाली. करार ७१,००,००० रुपयांचा करायचा आणि उरलेले ४,५०,००० रुपये फर्निचरपोटी एजंटाच्या फर्मच्या खात्यात भरायचे, ते तो मालकांना पोचवणार. तेवढ्या रकमेवरचे सात टक्क्यांनी ३१,५०० रुपये मुद्रांक शुल्क वाचेल, असे त्याने कॅलक्युलेटरवर करून दाखवले. मला मोह झाला हे मान्य आहे. पण बैठकीत भिंतभर सागवानी कपाट होते, आत दोन पलंग होते, आणि सामानाची किंमत वेगळी देणे हा काही गुन्हा नव्हे. पत्नीच्या नावाची ठेव मोडून मी पैसे पाठवले आणि तपशिलात स्वतःच्या हाताने 'फर्निचर' असे लिहिले. दलालीचे दोन टक्के मात्र त्याने फर्निचर धरून, पूर्ण ७५,५०,००० वर लावले आणि १,५१,००० रुपये घेतले. तेव्हाही मला शंका आली नाही.

शंका यायची जागा पुढे होती. दुय्यम निबंधक कार्यालयात आम्ही बाकावर वाट पाहत बसलो होतो, तेव्हा मालक प्रथमच भेटले. सत्तरी उलटलेले, हातात कापडी पिशवी. ते वऱ्हाडी वळणाने म्हणाले, "भेटलो बाप्पा एकदाचे. फोनवर तरी बोलू म्हटलं होतं, पण तुम्हाले आवडत नाही म्हणे." हा आवाज शनिवारचा नव्हता. बोलण्याची ढब ती नव्हती, वय ते नव्हते, आणि मला आवडत नाही ही बातमी माझ्यासाठी नवीन होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात एजंटाने, "साहेब, आपला नंबर आला," म्हणून मला दंडाला धरून उठवले. मग फोटो निघाला, अंगठा झाला. मालकांचे ते वाक्य मी आजवर किती वेळा आठवले असेल याला गणती नाही. "काका, तुम्हाला एकूण किती मिळणार?" एवढे पाच शब्द विचारले असते तरी पुरे होते.

ताबा घ्यायला गेलो तर बैठकीतील कपाट गेले होते आणि भिंतीवर त्याच्या आकाराचा फिका चौकोन उरला होता. मी अकोल्याला फोन लावला. सामानाचे काही ठरलेच नव्हते, ते म्हणाले, आणि एजंटाचा जुना संदेश पाठवला: "पार्टी ७० वर अडून आहे, ओढून ७१ करून देतो." त्यांच्याकडूनही एक टक्का, म्हणजे ७१,००० रुपये, त्याने घेतले होते. एका फ्लॅटमागे ६,७२,००० रुपये. बावधनची पार्टी अर्थातच कुठे नव्हती.

पोलीस ठाण्यात मी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा, म्हणजे फसवणुकीच्या कलमाचा, उल्लेख करून अर्ज दिला. ठाणे अंमलदारांनी तो वाचला आणि, "पैसे तुम्हीच पाठवले, फर्निचर असेही तुम्हीच लिहिले, आणि स्टॅम्पही तुम्हीच वाचवला," असे सांगून प्रकरण दिवाणी ठरवले. चार खेपा झाल्या. एकदा साहेब बंदोबस्तावर, एकदा अर्ज दुसऱ्या टेबलावर, एकदा मूळ प्रतच सापडेना, आणि चौथ्यांदा मला आपसात मिटवण्याचा सल्ला मिळाला, तोही एजंटाला शेजारच्या खुर्चीवर बसवून आणि त्याच्यासाठी चहा मागवून. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याचा आधार घ्यावा तर वकिलांनी सांगितले की एजंटाच्या नोंदणीची सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीपुरती आहे, आमच्यासारख्या जुन्या इमारतीच्या पुनर्विक्रीत तिचा उपयोग नाही. म्हणजे जिथे मध्यमवर्गीय माणूस जन्माची पुंजी ओततो, तिथेच कुणीही पाटी लावून बसावे! शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. तिथे तारखा पडत आहेत.

ज्या इमारतीत घर घ्यायचे तिथल्या आधीच्या विक्रीची सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेली किंमत दाखवणारा उतारा, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते; ती पाहिल्याशिवाय भाव बोलू नका. एजंटाच्या खात्यात दलालीखेरीज काहीही भरू नका, आणि दलालीची पावती घ्या. माझ्याकडे तीही नाही.

आमच्याच इमारतीतील तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट सध्या त्याच्याकडे विक्रीला आहे. पाहायला येणाऱ्यांना मी जिन्यातच गाठतो आणि मालकांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी हातात देतो.